थांबून फोन करतो, साहेब

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी विषय बदलतो. नोकरीतल्या बहुतेक प्रकरणांबद्दल मी मोकळेपणाने बोललो आहे. या एका प्रकरणाबद्दलही बोललो, पण ते जसे घडले तसे कधीच सांगितले नाही.

रस्ता सुरक्षा सप्ताह आला की मला शाळा-महाविद्यालयांतून, एसटीच्या आगारांतून बोलावणी येत. तिथे माझी एक ठरलेली गोष्ट असे. "पोलादपूरच्या घाटात एक जीपचालक होता. सरळ माणूस. घरून बायकोचा फोन आला, त्याने चालत्या गाडीत उचलला आणि मोळी घेऊन चाललेल्या एका बाईचा पाय कायमचा अधू झाला. म्हणून भगिनींनो, नवरा गाडीवर असताना फोन करू नका." समोरच्या बायका एकमेकींकडे बघून हसत. टाळ्या पडत.

या गोष्टीतली बायको खोटी आहे. ती मी रचलेली नाही, पण खोटी आहे हे माहीत असताना वर्षानुवर्षे वापरली. आता वय झाले आहे. ही गोष्ट एकदा तरी खरी लिहून ठेवावी, एवढ्यासाठी हा लेख.

महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कोणते ते लिहीत नाही, नावेही कोणाची लिहीत नाही. जीपचालकाला सगळा परिसर भाई म्हणायचा. मीही तेच म्हणतो.

भाई महाडजवळच्या खाडीकाठच्या एका गावचा. उमेदीची वर्षे आखातात अवजड गाड्या चालवून परत आला, जीप घेतली आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांपासून महाडपर्यंत वडाप करू लागला. सकाळी माणसे बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला आणायची आणि दुपारनंतर परत सोडायची. त्याच्या जीपच्या मागच्या सीटखाली जाड दोराचे वेटोळे कायम असे. घाटात एखादी गाडी दरीत गेली की आम्ही रुग्णवाहिकेला फोन करायच्या आधी भाईला करायचो. तो दोर घेऊन यायचा, आमच्या शिपायांच्या आधी खाली उतरायचा, जखमींना आपल्याच जीपमधून महाडला न्यायचा. सीटला रक्त लागले म्हणून कधी तक्रार केली नाही. असा माणूस हाताशी असणे हे घाटातल्या ठाण्याचे भाग्य असते. आम्ही त्याला भाग्य न समजता सोय समजलो, ही पहिली चूक.

भाईला एक सवय होती. गाडी चालू केली की तो मोबाइल पुढच्या कप्प्यात टाकायचा. वाजला तरी उचलायचा नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "तिकडं चौकाचौकात कॅमेरा, साहेब. फोन कानाला दिसला की पगार गेला. ती सवय लागली ती लागली."

"इकडे कुठे कॅमेरा आहे?"

"इकडं दरी हाय ना," तो म्हणाला. "ती काय फोटो काढून सोडत नाय."

आता मी काय केले ते सांगतो. एका बंदोबस्ताच्या वेळी मला जीप तातडीने हवी होती. ठाण्यातून पुन्हा पुन्हा फोन केले, भाईने उचलला नाही. प्रवासी उतरवून, गाडी लावून, मग त्याने फोन केला. पोलीस खात्यात फोन न उचलणे हा जवळजवळ गुन्हाच असतो. वरिष्ठांचा फोन पहिल्या घंटीला उचलायचा, आंघोळीत असलो तरी, हे आमच्या हाडात मुरलेले. तोच नियम मी जीपवाल्याला लावला. स्टँडवर गेलो आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्याला झापले. "फोन काय शोभेला घेतलास? ठाण्याचा नंबर दिसला की उचलायचा. घाटात असलास तरी आणि जेवत असलास तरी."

बाकीच्यांनी त्याची टिंगल केली. "भाई, साहेबांसाठी येगळी घंटी लाव की! कोंबडा लाव, कोंबडा आरवला की उठायचंच!"

त्यांनी थट्टेत म्हटले, भाईने ते खरेच केले. ठाण्याच्या नंबरला त्याने कोंबड्याच्या आरवण्याची घंटी लावून घेतली, म्हणजे फोन न बघताही कळावे. हे मला तेव्हा माहीत नव्हते. पुढे एका आजीकडून कळले.

त्या दिवशी सकाळी मी महाडच्या एसटी आगारात रस्ता सुरक्षेवरच बोलून आलो होतो. चालत्या वाहनात मोबाइल वापरणे म्हणजे मोटार वाहन कायद्याचे कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणे, हे ड्रायव्हर लोकांना समजावून सांगितले होते. ठाण्यात आलो तर निरोप होता. एका वरिष्ठांचे पाहुणे रायगड बघायला येत आहेत, त्यांना हिरकणीवाडीला रोपवेपर्यंत सोडायची व्यवस्था करा. आमची गाडी दुरुस्तीला गेलेली. मी ठाणे अंमलदाराला सांगितले, "भाईला लाव. उचलेपर्यंत लावत राहा."

त्याने लँडलाइनवरून नंबर फिरवला. फोन लागला तसा मी रिसीव्हर हातात घेतला.

"हॅलो साहेब, घाटात हाय," भाईचा आवाज आला. मागे इंजिनाची घरघर होती. "वळणं हायत. थांबून फोन करतो, साहेब."

"थांबतोस कशाला? आधी ऐक. जीप धुऊन आण. पुढच्या सीटवर चादर..."

काहीतरी आदळल्याचा आवाज आला. कोणीतरी ओरडले. मग नुसती खरखर ऐकू आली आणि फोन तुटला.

"रेंज गेली," मी अंमलदाराला म्हणालो. "लाव परत."

तो लावत राहिला. घंटी जात होती, कोणी उचलत नव्हते. मी चिडलो होतो.

थोड्याच वेळात खबर आली. घाटातल्या एका वळणावरच्या चहावाल्याने ठाण्यात फोन केला होता. "साहेब, एका जीपनं बाईला उडवली. ड्रायव्हरच्या कानाला फोन होता, मी डोळ्यांनी बघितला. बाईला गाडीत टाकली न् पळाला."

"जीप कुणाची?"

"रंगावरनं भाईची वाटली. पन भाई गाडीत फोन घेत नाय, म्हंजे दुसऱ्या कुनाची असंल."

या वाक्यापाशी मला सगळे कळले. आपल्याला कळले आहे हे माणूस स्वतःपासूनही किती वेळ लपवू शकतो, ते मी त्या दिवशी शिकलो. मी महामार्गावर नाकाबंदी लावायला सांगितली. जणू पळून जाणाऱ्या अज्ञात जीपचा शोध घ्यायचा होता.

शोध घ्यावा लागला नाही. महाडच्या रुग्णालयातून वर्दी आली, घाटातल्या अपघातातली बाई दाखल आहे आणि आणणारा चालक इथेच बसून आहे. मी आणि एक महिला पोलीस नाईक तिथे गेलो. ही नाईक तरुण होती, अक्षर स्वच्छ, आणि जबाब लिहिताना माणूस बोलतो तसेच लिहायचे यावर ठाम.

भाई व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. त्याच्या मांडीवर त्या बाईची कोयती होती. कोणीतरी घेऊन जाईल म्हणून त्याने ती धरून ठेवली होती. मला बघून उठला.

"साहेब, मी ठाण्यात आलो असतो. आधी तिला आत घेऊ द्या म्हटलं. शुद्धीवर हाय. आरसा मोळीला लागला, ती फिरून पडली, मागचं चाक मांडीवर गेलं."

त्याचा शर्ट खांद्यापासून खालपर्यंत भरला होता. चहावाल्याने पाहिलेले "पळून जाणे" ते हे होते. रुग्णवाहिकेची वाट बघण्यात बाई गेली असती, असे डॉक्टरांनी नंतर मला सांगितले.

ठाण्यात आणून चौकशी सुरू केली. खोलीत मी, भाई आणि लिहायला नाईक. मी रीतसर प्रश्न विचारत गेलो. वेग किती, प्रवासी किती, बाई कोणत्या बाजूने चालली होती. त्याने सगळ्याची सरळ उत्तरे दिली. मग तो प्रश्न आला. तो विचारल्याशिवाय चौकशी पुरी होत नव्हती.

"अपघाताच्या वेळी फोनवर होतास?"

"होतो, साहेब."

"कुणाचा फोन होता?"

भाईने आधी नाईककडे बघितले. तिचे पेन कागदावर टेकलेले होते. मग माझ्याकडे बघितले. त्याच्या नजरेत राग नव्हता, विनंती नव्हती. एखाद्या अवघड वळणावर समोरच्याला आधी जाऊ द्यावे, तसे काहीतरी होते.

"घरचा होता, साहेब."

आरोपी खोटे बोलतात याची पोलिसाला सवय असते. पण ते स्वतःला वाचवायला बोलतात. स्वतःला आणखी अडकवून समोर बसलेल्या पोलिसाला वाचवणारे खोटे मी सगळ्या नोकरीत एकदाच ऐकले. मी तेव्हा "नाही" एवढेच म्हणायला हवे होते. त्या खोलीत सगळे बदलले असते. मी नाईकला म्हणालो, "लिहा. घरचा फोन."

जीप जप्त केली, घटनास्थळाचा पंचनामा केला. बेदरकारपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला, सोबत कलम १८४ होतेच. मग साक्षीदारांचे जबाब. जीपमध्ये भाईच्या शेजारी, पुढच्या सीटवर, डोंगरातल्या एका वाडीची आजी बसली होती. डोळे दाखवायला महाडला निघालेली. तिच्या अंगणात जाऊन बसलो. शेजारपाजारचे चार लोक जमले. आजीने आम्हाला गुळाचा खडा आणि पाणी दिले आणि सांगायला लागली.

"त्यो फोन घेत नाय कुनाचा. माझ्या लेकाचा ममईवरनं त्याच्या फोनवर येतो, तवा बी बोलतो, आजी, गाडी थांबवतो मंग बोल. पन त्या दिशी कोंबडा आरवला."

"कोंबडा?" मी विचारले.

"त्याच्या फोनात पोलिसाचा कोंबडा हाय ना! सगळ्यांना म्हाईत हाय. कोंबडा आरवला तसा त्यानं कप्प्यातनं फोन काढला. मी म्हटलं, अरं थांबव की गाडी. त्यो बोलला, साहेबांचा हाय आजी, घ्यायला लागंल. फोनात बी बोलला, थांबून करतो म्हून. मंग ती मोळी दिसली न् धाडकन झालं." आजीने आपल्या पायांकडे बोट दाखवले. "फोन माझ्या पायात पडला. बाई तिकडं रस्त्यात, आन् कोंबडा आपला आरवतोय, परत आरवतोय. मला तर त्याचा राग आला."

नाईकचे पेन थांबले होते. गुन्ह्याचा उलगडा झाला होता. तिने मान वर न करता विचारले, "साहेब, आजी बोलली तसंच लिहिते."

"फोन आला, एवढं लिहा. कोंबडा-बिंबडा नको."

"आजीनं सांगितलंय, साहेब."

"मी सांगतो तसं लिहा."

तिने लिहिले. जबाब साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो, तसा तिने वाचूनही दाखवला, एकेक शब्द मोठ्याने. आजी कान देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आन् कोंबडा कुठं गेला?"

"आजी, कायद्यात कोंबड्याला जागा नाही," मी म्हणालो. अंगणातली माणसे हसली. मीही हसलो. नाईक हसली नाही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

परत येताना गाडीत तिने एकच प्रश्न विचारला. "साहेब, मोबाइल कंपनीकडून कॉलच्या नोंदी मागवायच्या का?"

"आरोपीला गुन्हा मान्य आहे. कशाला?"

"बरं, साहेब," ती म्हणाली. पुढे ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. कोणाकडे तक्रारही केली नाही. ती बोलली असती तर मला बरे झाले असते, असे आता वाटते.

महाडच्या कोर्टात भाईने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारले, काही सांगायचे आहे का. तो म्हणाला, "उचलला मीच, साहेब. नाय उचलायचा होता." एवढेच. न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि दंड झाला, लायसन काही काळासाठी निलंबित झाले. तो दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसून राहिला. मीही कुठल्याशा कामाचे निमित्त करून तिथेच घुटमळलो. बोलायला मात्र गेलो नाही.

जखमी बाई कुबडी घेऊन आली होती. तिला कोणी बोलावले नव्हते. नवरा मुंबईत कामाला, ती एकटीच एसटीने आली होती. कोर्ट उठले तशी ती भाईजवळ गेली. मला वाटले, आता शिव्या घालणार.

"झाली काय रे शिक्षा?"

"झाली."

"आन् जीप?"

"जीप हाय, लायसन नाय."

"म्हंजे मला घरी सोडायला बी कोन नाय," ती म्हणाली. "चल मंग, एसटीनं जाऊ दोघं. तू तिकीट काढ. आन् माझ्या फुडं नको चालू, लई घाई असती तुला."

भाई हसला. अपघातानंतर त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिले. दोघे आगाराकडे निघाले, ती कुबडीवर पुढे, तो तिच्या मागे हळूहळू. माझ्या समोरून जाताना ती बाई थांबली. माझ्या गणवेशाकडे वरपासून खालपर्यंत बघितले.

"साहेब, कोंबडा बरा हाय ना तुमचा?"

आजी आणि ती एकाच डोंगरातल्या. ती उत्तराची वाट न बघता निघून गेली.

त्यानंतर भाई जसा वागला, ते मी कौतुकाने सांगतो. त्या रस्त्यावर लायसन नसताना गाडी चालवणारे तेव्हा कितीतरी होते. आमच्याच एका शिपायाने त्याला सांगितले, "भाई, चालव की. तुला कोण अडवतंय?" भाई म्हणाला, "तुम्ही नाय अडवणार, ते मला ठाऊक हाय." त्याने जीप दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दिली आणि स्वतः मागच्या फळीवर उभा राहून "पोलादपूर, पोलादपूर" ओरडत क्लीनरचे काम केले. ज्या वाड्यांत तो मालक म्हणून जायचा तिथे क्लीनर म्हणून जाताना त्याने मान खाली घातली नाही. बाईच्या घरी मोळ्या टाकून यायचा. ती त्याला दर वेळी ओल्या लाकडांवरून बोलायची, तो ऐकून घ्यायचा.

लायसन परत मिळाल्यावर त्याने जीपमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. गाडी निघण्याआधी मोबाइल डब्यात घालायचा आणि डबा मागच्या सीटवरच्या कोणाच्या तरी मांडीवर द्यायचा. कप्प्यात हात पोचतो, मागच्या सीटवर पोचत नाही, असे तो सांगे. स्टँडवरच्या इतर ड्रायव्हरांनी आधी टिंगल केली, मग एकेकाने डबे आणले. आम्ही पावत्या फाडून जे करू शकलो नव्हतो, ते त्या डब्याने केले. एकाने तर पाटी रंगवून लावली : ड्रायव्हरशी आणि ड्रायव्हरच्या डब्याशी बोलू नये. कायदा कागदावर असतो तोवर तो पोलिसाचा असतो. लोकांनी तो असा आपल्या हाताने बसवला, की तो रस्त्याचा होतो. हे मी भाईकडून शिकलो.

आणखी एक गोष्ट शिकलो. फोन उचलणाऱ्यासाठी कलम आहे, आणि ते असायलाच हवे. पण चालत्या गाडीतल्या माणसाला "थांबू नको, ऐक" असे दरडावणाऱ्यासाठी कलम नाही. त्याला आपणच आपल्यावर लावून घ्यावे लागते. पुढच्या प्रत्येक नेमणुकीत मी माझ्या माणसांना सक्त ताकीद दिली. कोणालाही फोन केला की पहिला प्रश्न "गाडी चालवतोयस का?" हाच. हो म्हणाला तर ठेवून द्यायचा, मग काम कितीही निकडीचे असो. त्या ताकिदीबद्दल माझे कौतुक झाले. ती कुठून आली, ते मी कोणालाच सांगितले नाही. उलट व्याख्यानांत बायकोची गोष्ट सांगत राहिलो. ती सोयीची होती, लोकांना पटत होती.

गेल्या वर्षी अशाच एका व्याख्यानानंतर ती नाईक मला भेटली. आता ती वरच्या हुद्द्यावर आहे. नमस्कार केला, प्रकृतीची चौकशी केली आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या भाषणाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो. भाईच्या गावातही गेलाय. बायका त्याच्या बायकोला, भाभींना, अजून त्यावरून बोलतात."

तिला उत्तर नकोच होते. इतकी वर्षे तिने ठेवलेला जबाब तिने वाचून दाखवला होता.

मग मी भाईच्या गावी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. भाभींनी दार उघडले, ओळखले, आत बसवले, चहा टाकला.

"भाई आहेत?"

"गाडीवर आहेत. फोन लावून ठेवते. उचलणार नाहीत, पण थांबले की बघून करतात." त्यांनी फोन लावला, वाजू दिला, ठेवला. मग हसून म्हणाल्या, "माझासुद्धा उचलत नाहीत. बायका चिडवतात मला. म्हणतात, आता नाही उचलत, तेव्हा बरोबर तुझाच उचलला."

मी कप खाली ठेवला. जो प्रश्न मी तपासात विचारायला हवा होता, तो इतक्या वर्षांनी विचारला.

"त्या दिवशी तुम्ही फोन केला होता का?"

"मी? माझ्याकडे तेव्हा मोबाइलच नव्हता, साहेब. घरात दुसरा फोन कुठे होता?" त्या सहज म्हणाल्या. भाईचे ते खोटे इतके कच्चे होते. एक शिपाई घरी पाठवला असता तरी उघडे पडले असते. "मी यांना विचारलं, माझं नाव का दिलं? तर म्हणाले, कुणाचं तरी द्यायला लागलं. तू रागावशील, पण सोडून जाणार नाहीस."

"मग खरा कुणाचा होता, ते नाही विचारलं?"

"विचारलं. म्हणाले, ज्याचा होता त्याला ठाऊक आहे. तेवढं पुरे." त्यांनी माझ्याकडे बघितले. ती नजर मी ओळखत होतो. त्यांना माहीत होते की नव्हते, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी बोलायला तोंड उघडले आणि त्यांचा फोन वाजला. "साहेब आलेत," त्यांनी सांगितले. "आलेत? बसव त्यांना," पलीकडून आवाज आला. "दे, त्यांना दे."

भाभींनी फोन माझ्या हातात दिला.

"सलाम, साहेब! गाडी बाजूला लावली हाय. आता सावकाश बोला."

त्याच्या मागे घाटातला वारा ऐकू येत होता. कोणीतरी हसत होते, कोणाच्या तरी हातात डबा खणखणला. माझे वाक्य तयार होते. महाडपासून मी ते मनात म्हणत आलो होतो. भाई, तो फोन माझा होता. थांबून करतो असं तुम्ही म्हणालात, थांबू नको असं मी म्हणालो. भाभींच्या नावावर ते खपवलं मी. मला माफ करा.

"काही नाही, भाई," मी म्हणालो. "सहज आलो होतो या बाजूला. तब्येत बरी ना?"

"मजेत. दुसरं काय, साहेब?"

"दुसरं काही नाही."

तो थांबला. फोन ठेवला नाही. मला पुरेसा वेळ दिला त्याने. "बरं," शेवटी म्हणाला. "पॅसेंजर खोळंबलेत. निघू?"

"निघा," मी म्हणालो. "सावकाश जा."

भाभींनी माझ्या हातातून फोन घेतला, रिकामा कप उचलला. "झालं बोलणं?" त्यांनी विचारले.

"झालं," मी म्हणालो.